दाखवण्यापुरता तिसरा

थाई सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल थनितला युद्धशास्त्राचा पहिला धडा आईच्या कापडाच्या दुकानात मिळाला. स्टाफ कॉलेज नंतर आलं, आणि तिथे तोच धडा जरा अवघड शब्दांत पुन्हा शिकवला.

बाजारात आईचं लुंग्यांचं दुकान होतं, हातमागाच्या, बायकांच्या. गिऱ्हाईक आलं की आई आधी एक फिकट, मरतुकडी लुंगी काढायची. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की एकदम भडक काढायची, लाल-जांभळी, जरीचे मोर नाचणारी. गिऱ्हाईक दचकायचं. मग आई उसासा टाकून तिसरी काढायची, मधली, जी तिला सकाळपासून खपवायची होती. "हीच!" म्हणून बाई खूश, आई खूश, आणि पोराला गल्ल्याशेजारी बसल्या बसल्या शिक्षण. एकदा तेवढी तालुक्याच्या साहेबांची बायको त्या भडक मोरांवरच भाळली. आईने डोळ्याचं पातंही न लववता ती बांधून दिली, आणि बाईंनी पुढे कित्येक वर्षं प्रत्येक सणाला ते मोर मिरवले. पण धड्याचा हा भाग थनितच्या लक्षात राहिला नाही.

आईने त्याला टोपणनाव टोंग ठेवलं होतं. टोंग म्हणजे सोनं. डिव्हिजनच्या मुख्यालयातही सगळे त्याला टोंगच म्हणत, धाकटे टोंगदादा म्हणत.

मुख्यालयात पाच टेबलं होती. एक नंबरचं टेबल माणसांचं हवं-नको पाही. दोन नंबर शत्रूची खबर ठेवी, आणि शत्रू बरीच वर्षं फिरकला नसल्यामुळे हवामानाची. तीन नंबर म्हणजे ऑपरेशन्स, तिथे टोंग. चार नंबर पेट्रोलपासून जेवणाच्या डब्यांपर्यंत सगळं पुरवी. पाच नंबर गावकऱ्यांशी गोड बोले. या पाचांवर चीफ ऑफ स्टाफ, कर्नल सुआ. सुआ म्हणजे वाघ, पण हा वाघ फक्त टायपिस्टांवर गुरगुरायचा. आणि सगळ्यांवर डिव्हिजनचे कमांडर, जे निर्णय घेत. काय निर्णय घ्यावा, तेवढं बाकीचे ठरवत.

टोंगची पद्धत ठरलेली होती. कमांडरपुढे एकच प्लॅन ठेवला तर तो त्यांनाच हुकूम दिल्यासारखा होतो, आणि असा हुकूम देणारा अधिकारी लवकरच कुठल्यातरी डोंगरावर रेडिओ सांभाळताना आढळतो. दोन ठेवले तर भांडण लागतं. तीन ठेवले की निवड होते. म्हणून नेहमी तीन. टोंगने यात हात इतका बसवला होता की चार कमांडर आले, गेले, आणि चौघांनीही, कोणी लगेच, कोणी चष्मा पुसून, दोन नंबरचाच प्लॅन निवडला. पहिला भित्रा, तिसरा अचाट, आणि मधला खरा.

"पण तिसरा मेलेला दिसता कामा नये," टोंग आपल्या हाताखालच्या पोरांना सांगे. "त्याला नीट आंघोळ घालायची, भांग पाडायचा, बाण लाल काढायचा. साहेबांना तो नाकारताना थोडं वाईट वाटलं पाहिजे."

हे ऐकून सगळ्यात जास्त हसला होता पेत. पेत म्हणजे बदक. दोन वर्षं तो टोंगचा मदतनीस होता, आता मेजर होऊन इंजिनिअर कंपनी सांभाळत होता. पूल, बांध, होड्या सगळं त्याच्याकडे. "बदकाला पाण्यातली नोकरी दिली, दादा, तुमच्या सरकारने पहिल्यांदा काहीतरी बरोबर केलं," असं तो म्हणायचा आणि रविवारी टोंगच्या घरी येऊन चिकट भात आणि भाजलेली कोंबडी निम्मी संपवून जायचा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता दोन नंबरच्या टेबलाला अखेर शत्रू सापडला. समुद्रावरून वादळ निघालं होतं आणि लाम येन नदी आधीच काठोकाठ होती. जिल्ह्याने लष्कर मागवलं. टोंगने तीन प्लॅन केले.

पहिला: सगळं सैन्य छावणीत सज्ज ठेवून वाट पाहायची. दुसरा: सगळ्या होड्या आधीच नोनवा गावात न्यायच्या. नोनवा नदीच्या वळणात, बशीच्या तळाशी बसलेलं गाव. माणसं टेकाडावरच्या मठात हलवायची, नदीला तिचं काम करू द्यायचं. तिसरा: सगळं बळ वर थाफ्राच्या पुलाशी एकवटायचं, पोत्यांचा अजस्र बांध घालायचा आणि नदीला वाटेतच अडवायचं. बांध टिकला तर अडलेलं पाणी कुठे जाईल, हे या तिसऱ्या प्लॅनमध्ये लिहिलेलं नव्हतं. निवडला जाणारच नाही त्याला हे कोण विचारतं? वाचताना झोकदार वाटावं म्हणून टोंगने एक वाक्य मात्र घातलं: 'एकही साधन मागे ठेवू नये.' बाण त्याने स्वतः रंगवला. फार सुरेख आला.

कमांडर नवे होते. मेजर जनरल अदुल, रणगाड्यांतून आलेले, बुटके, शांत, दर वाक्यानंतर चहाचा घोट घेणारे. टोंगने तिन्ही प्लॅन मांडले. साहेबांनी पहिल्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग तिसऱ्याच्या बाणावर बोट ठेवलं.

"हा."

कर्नल सुआने मान वळवून टोंगकडे पाहिलं.

"नदी घरी येईपर्यंत थांबायचं कशाला?" साहेब म्हणाले. घोट घेतला. "टोंग, याची तयारी आहे?"

"आहे, साहेब."

"नक्की?"

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. पेला हातातच होता, घोट घेतला नाही. दारातून आणखी कोणी यायचं असावं, तसे थांबले होते.

"नक्की, साहेब."

बैठक उठण्याआधी चीफ ऑफ स्टाफने टेबलाटेबलाला विचारायचं, अशी रीत होती. हा प्रश्न नमस्कारासारखा होता आणि उत्तरही नमस्काराचंच. कर्नल सुआने एक नंबरला विचारलं, दोनला विचारलं. मग जरा लांबवून, भुवया शक्य तितक्या वर नेऊन, म्हणाला, "ऑपरेशन्सला काही म्हणायचंय?"

टोंगला म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर काय? की साहेब, तो प्लॅन नाही, दुकानातली भडक लुंगी आहे? म्हणजे आत्ता पाच मिनिटांपूर्वी छडी घेऊन जे सांगितलं ते नाटक? मग मागच्या चार साहेबांपुढे केलं ते काय? आणि खरं सांगायचं तर, तो बाण दिसतही छान होता.

"तयारी पूर्ण आहे, साहेब," टोंग म्हणाला.

साहेबांनी घोट घेतला.

बाहेर व्हरांड्यात सुआने त्याला खांबामागे ओढलं.

"अरे, करवलीला कोणी नवरीपेक्षा नटवतं का? काय गरज होती त्या बाणाची?"

"सुआदादा, तुम्ही जाऊन बोला ना साहेबांशी. तुमचं ऐकतील."

"मी? काय म्हणून बोलू? आमचा टोंग तुम्हाला बनवत होता, आणि मी चीफ म्हणून खाली सही केली, असं? पुढच्या वर्षी माझी बढती आहे रे."

"मग?"

वाघाने विचार केला. "साहेबांचे ज्योतिषी. त्यांच्या शब्दाबाहेर साहेब नाहीत. दिवस मातीकामाला वाईट आहे असं सांगितलं त्यांनी, की संपलं."

त्याने तिथूनच फोन लावला. बराच वेळ "हो गुरुजी, हो गुरुजी" करत राहिला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"पहिलं पोतं टाकायचा मुहूर्त त्यांनी मघाशीच काढून दिलाय. योग उत्तम आहे म्हणतात."

म्हणजे देवाधर्माचाही रस्ता बंद झाला. उरला होता एकच रस्ता, वीस पावलांवरचा, साहेबांच्या दाराचा. त्या दाराकडे दोघांनी एकदा पाहिलं, आणि मग कामं खूप पडलीत हे दोघांनाही एकदम आठवलं.

कामं खरंच खूप होती. स्टाफची हीच तर गंमत असते. निर्णय कसाही असो, त्याची अंमलबजावणी तितकीच मन लावून होते. पाचही टेबलं भिडली. ट्रक कोणत्या रस्त्याने, पोती कुठून, फावडी किती, जवानांना तुळशीचं तिखट मटण की नुसतं अंडं, सगळं ठरलं. दुपारपर्यंत टोंगने त्या मेलेल्या प्लॅनमध्ये असा जीव भरला की तो उठून चालायला लागला. आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला लिहिलेला आदेश, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा बरंही वाटलं. पुढे कित्येक महिने त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्या बरं वाटण्याची.

संध्याकाळी पेतचा फोन आला.

"दादा, आदेश मिळाला. हा तिसरा आहे ना?"

"हो."

"तिसरा म्हणजे... आपला तिसरा?"

टोंगने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो दादा, बांध घालीन मी, तुम्ही म्हणाल तर नदीला गाठ मारीन. पण बांध टिकला तर पाणी नोनव्यात जाणार. तिथे आत्ता काय आहे? फानकाका आणि त्याची शर्यतीची नाव!"

फानकाकाला सगळा जिल्हा ओळखत होता. दरवर्षी नौकांच्या शर्यतीत नोनव्याच्या लांबलचक नावेच्या टोकाला उभा राहून तो इतक्या शिव्या देई की वल्ही आपोआप वेगाने चालत.

"पेत, साहेबांनी निवडलाय."

"निवडू देत. मी सहाच होड्या मागतोय, दादा. सहा. नोनव्याकडे वळवतो. चाळीसातल्या सहा कोण मोजतंय?"

खरंच कोणी मोजलं नसतं. टोंगने नुसतं "हं" म्हटलं असतं तरी पेतने त्याचा अर्थ काढला असता. दोन वर्षं हाताखाली काढलेला पोरगा होता. पण टोंगच्या समोर आदेशाची प्रत होती आणि तिच्यात त्याचंच ते झोकदार वाक्य. स्वतःच्याच आदेशाला स्वतःच भोक पाडायचं, तर मग बैठकीत का नाही बोललो, हा प्रश्न येत होता. त्या प्रश्नाला सहा होड्यांपेक्षा जास्त जागा लागत होती.

"आदेशात सगळ्या म्हटलंय," तो म्हणाला.

"सगळ्या," पेत म्हणाला. "बरं, दादा."

बांध झाला. मुहूर्तावर पहिलं पोतं पडलं. जिल्ह्याचे गव्हर्नर रबरी बूट घालून आले, साहेबांबरोबर फोटो निघाले. वादळ आलं, नदी चढली, पुलाशी येऊन बांधाला धडकली. आणि बांध टिकला. एक पोतं हललं नाही. पेतच्या पोरांनी बांधलेला होता, तो टिकणारच. प्लॅन नंबर तीन अक्षरशः यशस्वी झाला. अडलेली नदी क्षणभर घोटाळल्यासारखी झाली, मग डावीकडच्या जुन्या पाटाला लागली आणि सरळ नोनव्यात शिरली.

पेतने ते बांधावरून पाहिलं. त्याने रेडिओवर परवानगी मागितली नाही, कारण मागितली असती तर ती तीन नंबरच्या टेबलाकडे गेली असती. त्याने होड्या ट्रकवर चढवल्या आणि ठिकाण सोडलं.

तो पोचेपर्यंत तासन् तास फानकाका एकटाच आपल्या शर्यतीच्या नावेतून माणसं मठापर्यंत नेत होता. अरुंद, लांब नाव, वेगासाठी केलेली, भरलेल्या पुरासाठी नव्हे. पोरं आधी नेली, मग म्हाताऱ्या नेल्या. शिव्या चालूच होत्या, मठाच्या ओसरीवरून सगळ्यांना ऐकू येत होत्या. मग एका खेपेला ऐकू येईनाशा झाल्या. पेतच्या होड्यांनी उरलेलं सगळं गाव काढलं. फानकाकाची नाव दोन दिवसांनी चिंचेच्या झाडात अडकलेली सापडली, काका त्याच्या पुढच्या दिवशी.

अंत्यविधीला टोंग गणवेश न घालता गेला. मठाच्या आवारात अजून चिखल होता. फानकाकाची बायको आलेल्या प्रत्येकाला आग्रहाने मासळीचा रस्सा वाढत होती, टोंगलाही वाढला. लष्कराच्या होड्यांनी आपल्या सुना वाचवल्या म्हणून तिने त्याला वाकून नमस्कार केला. टोंगला तो रस्सा गिळावा लागला.

पेत झाडाखाली उभा होता. टोंग त्याच्याजवळ गेला.

"सहाच मागितल्या होत्या, दादा," पेत म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

मग चौकशी आली. वरून पत्र होतं: बांध यशस्वी, फोटो उत्कृष्ट, मात्र इंजिनिअर कंपनीच्या कमांडरने हुकमाविना ठिकाण का सोडलं? यावर स्टाफचं म्हणणं काय? सुआने टोंगला समजावलं, "हे बघ, पेतला फार तर कंपनीवरून काढतील. तरुण आहे, सावरेल. आपण वयस्क माणसं." सुआ टोंगपेक्षा अवघ्या दोन बॅच पुढे होता.

चौकशीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी टोंग साहेबांच्या बंगल्यावर गेला. इतक्या दिवसांनी ती वीस पावलं दोन किलोमीटर झाली होती. जनरल अदुल मागच्या अंगणात बनियनवर ऑर्किडना पाणी घालत होते.

"साहेब, तिसरा प्लॅन खरा नव्हता," टोंग उभ्या उभ्या म्हणाला. "तो नाकारण्यासाठी केला होता. नेहमीच तसं करतो."

साहेबांनी झारी खाली ठेवली नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी पण चार वर्षं ऑपरेशन्सला होतो. माझा तिसरा नेहमी छत्रीधारी सैनिकांचा असायचा. विमानातून उतरायचे. आमच्याकडे विमान नव्हतं."

टोंगला बसावंसं वाटलं, पण खुर्ची नव्हती.

"मग निवडलात का, साहेब?"

"नवा आलो होतो. म्हटलं, बघू, हा माणूस तोंड उघडतो का. म्हणाला असतास, साहेब, तिसरा नको, तर त्याच क्षणी दोनवर आलो असतो, आणि तुझ्यावर कायमचा विश्वास टाकला असता. मी 'नक्की?' म्हणून विचारलंसुद्धा."

"मला वाटलं, तुम्ही तयारी विचारताय."

"हं." पाणी एकाच कुंडीतून ओसंडून वाहत होतं. "तू नक्की म्हणालास. मग मला वाटलं, चुकलं माझं, हा आपल्यासारखा नाही. आयुष्यात एक तरी स्टाफ ऑफिसर भेटला ज्याचा तिसराही खरा असतो. घरी येऊन बायकोला सांगितलं मी तसं."

दोन हुशार माणसं एकमेकांची वाट पाहत बसली होती, आणि तिकडे एक माणूस शिव्या देत वल्हं मारत होता.

"इथे बोललास ते ऑर्किडनी ऐकलं," साहेब शेवटी म्हणाले. "उद्या खोलीत बोलशील? मग मलाही माझं बोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सुआने एक नंबरला विचारलं, दोनला विचारलं. भुवया या वेळी खाली होत्या, जवळजवळ डोळ्यांवर. "ऑपरेशन्सला काही म्हणायचंय?"

सवय इतकी पक्की होती की 'तयारी पूर्ण आहे' हे शब्द टोंगच्या ओठांपर्यंत आलेही. ते गिळायला त्याला खोकावं लागलं. मग तो बोलला. भडक प्लॅनपासून सहा होड्यांपर्यंत सगळं, लिहून घेणाऱ्या कॅप्टनला दोनदा थांबवून, नीट लिहून घ्यायला लावून. तो बसला तेव्हा साहेब बोलले, कमी शब्दांत, चहा न घेता.

पेतवरचा ठपका निघाला. जनरल अदुल प्रकृतीच्या कारणाने मुदतीआधी निवृत्त झाले. प्रकृती उत्तम होती. सुआला बढती मिळाली. टोंगची बदली झाली. ही शिक्षा नाही, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे ती शिक्षा आहे हे सगळ्यांना लगेच कळलं.

निघायच्या दिवशी पेत भेटायला आला. गणवेश कडक, हातात निरोपाची झेंडूची माळ. त्याने ती टोंगच्या हातात दिली, कडक सॅल्यूट ठोकला.

"रविवारी येत जा," टोंग म्हणाला. "बँकॉक काही लांब नाही."

"बघतो, सर," पेत म्हणाला.

सर. टोंगने माळ घट्ट धरली आणि गाडीत बसला.

बदली बँकॉकच्या स्टाफ कॉलेजात होती. लष्कराला कुठला माणूस कुठे ठेवावा हे बरोबर कळतं. त्याला विषय दिला कमांडरपुढे पर्याय मांडण्याचा. टोंगने पहिल्याच तासाला फळ्यावर काही न लिहिता सगळं सांगितलं. लुंगीचं दुकान, बाण, फानकाका, रस्सा. भडक मोर खरेदी करणाऱ्या बाईचंही सांगितलं, कारण आता ते आठवलं होतं: आईच्या तिन्ही लुंग्या नेसण्याजोग्या होत्या. पोरं मन लावून ऐकत होती. काहींनी टिपून घेतलं.

दर सत्राच्या शेवटी परीक्षेसाठी पूर, नदी, गाव असा एक कल्पित प्रसंग असतो. नियमाप्रमाणे तीन प्लॅन मांडायचे. पोरं एकेक करून पुढे येतात. पहिला जरा भित्रा असतो, दुसरा ठीक, तिसऱ्याचा बाण लालभडक. टोंग बाणाकडे बराच वेळ पाहतो. मग पोराच्या डोळ्यांत पाहतो.

"तिसरा निवडला तर?" तो विचारतो. "नक्की?"

आणि थांबतो. पेला हातात धरून, दाराकडे कान देऊन थांबतो.

"तयारी पूर्ण आहे, सर," पोरगं म्हणतं.